खिडकीतून आलेलं ‘या जी’

मार्च लागला हे मले कॅलेंडर सांगत नाही, कान सांगते. गल्लीत कोणीतरी माळ्यावरचा कूलर खाली ओढते. आधी खर्रर्र, मंग धप्प, मंग "अबे हळू, पाय हाय माहा!" मंग दोन दिवस थो कूलर नुस्ता घरघरते, कारण की त्याच्या पोटात मागच्या उन्हाळ्याचा गाळ असते. रस्त्यानं कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या भरलेला ट्रॅक्टर जाते, तवा वर बसलेल्या बाईच्या बोलण्यापेक्षा काड्याईचं कुरकुरणं जास्त आयकू येते. हे सारे आवाज मले काढता येते. कूलर तं असा काढतो का माही माय झोपेतल्या झोपेत पांघरूण ओढून घेते.

हा धंदा शाळेपासूनचा. हेडमास्तरच्या आवाजात मुतारीच्या भिंतीमागून "आज अर्धी सुटी" असं ओरडलो होतो, तं पुरी शाळा घरी गेली होती. त्यात दोन मास्तरही होते. आता मी यवतमाळात स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर लोकप्रशासन शिकवतो. पोरं म्हणते, सर, तुमच्या तासाले झोप येत नाही. येईन कशी? नोकरशाही मी आवाजात शिकवतो. एक साहेबाचा, एक बाबूचा, अन् एक त्या माणसाचा, ज्याले बाबूनं "उद्या या" म्हणून वापस धाडलं. पोरं हसते. पण दर मार्चात कूलर घरघरला का मले अजून एक आवाज आठवते. थो मी क्लासात कधीच काढत नाही.

यंदा त्या आवाजवाल्या माणसाचा निरोप समारंभ होता. बोलावणं आलं, मी गेलतो. तिथं काय झालं ते सांगाचंच आहे, पण त्याच्याआधी थो मार्च सांगा लागन. काही वर्षांपूर्वीचा.

तवा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाले होतो. आमच्या गाईड मॅडम पुण्याकडच्या. बोलणं असं का वाक्याच्या शेवटी पूर्णविराम पडलेला दिसाचा. त्याईनं मले विषय देल्ला, तालुक्याच्या कार्यालयात कर्मचारी अन् लोकं एकमेकांशी कसे वागते. "तुम्ही फक्त बघायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही, मध्ये पडायचं नाही. तुम्ही तिथे आहात हे लोक विसरले पाहिजेत."

मले! अन् बोलायचं नाही! माही माय आयकून इतकी हासली का तिले ठसका लागला.

तालुक्याचं नाव सांगत नाही. पांढरकवड्याकडं जाणाऱ्या एसटीत बसा, कुठं ना कुठं येते. बैठं कार्यालय, कौलावर टीन, अंगणात एक मोठा कडुनिंब. लोकं निंबाखाली बसाचे, अन् खिडकीतून बोलावणं आलं का उठून जायचे. थंडीच्या सुरुवातीले मी तिथं गेलो, तं मले कपाटाच्या बाजूले एक स्टूल मिळाला, ज्याचा एक पाय बाकीच्याईचं आयकत नव्हता. पह्यले आठ दिवस सारे असे वागले का मले वाटलं मी स्वर्गात आलो. शिपाई गजूभाऊ लोकाईले स्वतःहून पाणी देऊन राह्यला. टेबलावरचे बाबू "बसा ना, घाई काय हाय" म्हणून राह्यले. एका बुढ्यानं तं घाबरून विचारलं, "काहून बावा, मी मरून राह्यलो का?" मॅडमले फोन केला. त्या म्हणे, "ते तुम्हाला दाखवत आहेत. कंटाळा येईपर्यंत बसा. त्यांना, तुम्हाला नव्हे."

कंटाळले. आठ दिवसानं गजूभाऊ पाणी विसरला, टेबलं पह्यल्यासारखे गुरगुरले, अन् माहा स्टूल कपाटाचाच भाग झाला. फक्त एक माणूस पह्यल्या दिवशी जसा होता तसाच राह्यला. खिडकीवरचे नगराळेबाबू.

पिकलेले केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, टेबलावर पितळेचा लोटा. अन् आवाज! आवाज कसा होता हे लिहून सांगता येत नाही, मले काढूनच दाखवा लागन. जाड, पण खरबडीत नाही. गूळ पातळ केल्यावर कढईच्या काठानं उतरते, तसा. खिडकीतून निघाचा, अंगण ओलांडाचा अन् निंबाखाली जो बसला त्याच्याच कानात जाऊन पडाचा. बाकीचे टेबलंवाले "ए, पुढचा कोन हाय" म्हणाचे. नगराळेबाबू कधीच नाही. त्याईचं बोलावणं असं: "खैरगावचे नामदेवराव, या जी!" नामदेवराव मजूर असो का पाटील, राव लागाचा, अन् शेवटी ‘जी’. तांड्यावरची बुढी असली का "आव याडी, आव!" म्हणजे ये माय, ये. बंजाऱ्याईची गोरमाटी बोली त्याईले तेवढीच येत होती, पण ती पुरे होती. बुढी त्या ‘याडी’वरच अर्ध्या वाटेत हसायची.

डब्याच्या वेळी गजूभाऊनं मले ओळखलं. "तू थोच ना बे, एसटीच्या कंडक्टरचा आवाज काढनारा?" झालं. माह्या संशोधनाचा तिथंच अर्धा जीव गेला. मी साहेबाची जीप काढली, पंखा काढला, डब्यातल्या ठेच्यानं तोंड भाजलेला गजूभाऊ काढला. मंग नगराळेबाबूकडं पाहून, जरासा भेत, "खैरगावचे नामदेवराव, या जी!" असं म्हटलं, अन् निंबाखालून एक माणूस खरंच उठून खिडकीशी आला.

"जेवन चालू हाय, नामदेवराव," नगराळेबाबू त्याले म्हणे. "हे पोट्टं बह्याड हाय. बसा जी जराशीक."

मले वाटलं आता मार बसते. त्याईनं पोळीचा तुकडा तोडला, अन् शाळेत मास्तर उच्चार सुधारते तसं मले म्हणे, "आंदी गाव, मंग नाव. गाव आयकलं का मानूस चप्पल शोधाले लागते. नाव येईपरेंत थो उभा झाला पाह्यजे. अन् ‘जी’ लांबवू नको. लांबवला का वरून टाकल्यासारखा वाटते."

"तुमाले कोनं शिकवलं, बाबूजी?"

"मायनं." मंग बराच वेळ चावत राह्यले. "माय याच निंबाखाली बसाची. तवाचा बाबू नाव नाई घ्याचा, बोट दाखवाचा. ‘ए, तू गं, हिरव्या लुगड्याची.’ मी संगं असो. घरी गेल्यावर माय मले म्हने, पोरा, तू त्या खिडकीच्या आत बसशीन ना, तं लोकाईले गावानिशी बोलावजो." हात झटकला. "बसलो. आता बोलावतो. त्यात काय हाय?"

त्यात काय हाय हे मले तवा कळलं नव्हतं. मले फक्त आवाज पाह्यजे होता. मी थो घरी घोटला, आंघोळीत घोटला. माही माय न्हाणीच्या दाराशी येऊन विचारे, "कोन पाव्हना आला बे?"

त्या थंडीतच त्याईचा घसा बसला. कापसाची धूळ हाय, म्हणे. मंग ओवा झाला, हळदीचं दूध झालं, मंग नागपूर झालं. आवाजाच्या जागी गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण डॉक्टरनं सांगतलं का आवाज येईन याची खात्री नाही, अन् उन्हाळाभर कुजबुजायचंही नाही. होळी झाल्यावर ते कामावर आले, तवा गळ्याभोवती दुपट्टा होता. कार्यालयाच्या भिंतीपलीकडच्या पळसाखाली फुलांचा लाल चिखल झाला होता. ते आले, लोटा भरला, खिडकीशी गेले. खुर्चीवर नवा बाबू बसला होता.

आमच्या नायब तहसीलदार मॅडम वयानं लहान, मनानं चांगल्या. त्याईनंच ठरवलं होतं: पाडवा झाला का नगराळेबाबू रेकॉर्ड रूममधी. तिथं बोला लागत नाही, आराम राहीन, रिटायरमेंटपर्यंतचे वर्षं शांत जातीन. साऱ्याईनं मान हलवली. मले तं वाटलं, असं प्रेम सरकारात कुठं पाह्याले भेटते? फक्त नगराळेबाबू ते आयकून खिडकीच्या गजाले हात लावून उभे राह्यले. रेकॉर्ड रूमले खिडकी नव्हती.

त्या दिवशी निंबाखाली सोनीबाई होती. तांड्यावरची, डोळ्यात मोतीबिंदू, निराधारचं पेन्शन चालू राहाले ती दरसाल ‘मी जित्ती हाय’ हे दाखवाले यायची. तिले दिसत नव्हतं, म्हणून ती कान खिडकीकडं करून बसाची. नव्या बाबूनं आवाज देल्ला, "चला, पुढचं कोन हाय! पटपट!" सोनीबाई हलली नाही. तिचं नाव थोडीच होतं त्यात? तिच्यामागचा गेला, त्याच्यामागचा गेला. नगराळेबाबूनं पाह्यलं, खिडकीशी झुकले, तोंड उघडलं. हवा निघाली. नुस्ती हवा, फुग्यातून निघते तशी. त्याईनं परत तोंड उघडलं, अन् मंग माह्याकडं पाह्यलं.

मध्ये पडायचं नाही, असं गाईड मॅडमनं सांगतलं होतं. मी पडलो नाही, माहा घसा पडला. "मोहाच्या तांड्याच्या सोनीबाई... आव याडी, आव!"

"आऊ छू रे, आऊ छू!" सोनीबाई काठी टेकत उठली. खिडकीशी आली, गजातून हात घालून नगराळेबाबूचा हात धरला अन् म्हणे, "आज तुहा आवाज कच्चा हाय. सर्दी झाली का रे तुले?"

नवा बाबू माह्याकडं पाहून राह्यला, गजूभाऊ भिंतीकडं तोंड करून हलून राह्यला. नगराळेबाबूनं गंभीरपणे मान हलवली. हो, याडी, सर्दी.

त्यानंतर पाडव्यापर्यंतचे दिवस म्हणजे माह्या उमरीतले सगळ्यात गोड दिवस. नव्या बाबूले दुसरं टेबल पाह्यजेच होतं, थो खुशीनं सरकला. नगराळेबाबू खिडकीशी, मी त्याईच्या मागं स्टूलावर, तोंडापुढं कपाटाचं दार अर्धं उघडं. ते बोटानं कागदावरचं नाव दाखवाचे, मी बोलावाचो. ‘जी’ लांबला का टेबलाखालून पाय माराचे. बरोबर पडला का लोट्यातलं पाणी मले पुढं कराचे. दुपारी टीन तापाचं, कूलर ओल्या वाळ्याचा वास फेकाचा, अन् त्या वासात मी एका पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या आवाजात गावाईचे नाव घेत बसाचो. इतके गावं माह्या तालुक्यात हाय हे मले तवा समजलं. दरेक नाव घेतलं का निंबाखाली एक माणूस उभा होत होता. शिकवताना ‘नागरिक’ हा शब्द फळ्यावर लिहिला का मले आजही थोच दिसते, गुडघ्यावर हात टेकून उठणारा.

पण गंमत फार दिवस पुरत नसते. पाडव्याच्या तोंडाशी एका दुपारी नायब तहसीलदार मॅडमची जीप अंगणात आली. मॅडम उतरल्या, खिडकीकडं पाह्यलं. अंगणात आवाज घुमून राह्यला होता, "झाडगावच्या रुखमाबाई, या जी!" अन् खिडकीत नगराळेबाबू डोकं मागं टाकून, लोटा वीतभर वर धरून, घटाघटा पाणी पिऊन राह्यले होते.

मॅडम जागीच थांबल्या. रुखमाबाई आपली निघाली.

आत बोलावणं आलं. मी, नगराळेबाबू, अन् दाराशी कान लावून गजूभाऊ. मॅडम हसू दाबून राह्यल्या होत्या, ते मले दिसत होतं, पण त्याईनं फाईल उघडून तोंड सरळ केलं. "तुम्ही संशोधक आहात का रेडिओ?"

"दोनी, मॅडम."

"हे रोज कसं चालन? तुम्ही परीक्षा झाली का जाल. मंग? खिडकीवर आवाज लागते. मी नगराळेबाबूंचं वाईट करून राह्यली का? त्यांच्याच तब्येतीसाठी ना?" हे त्या मनापासून बोलल्या, अन् तेच अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता येते.

मी घसा खाकरला. नगराळेबाबूच्याच आवाजात त्याईची बाजू मांडावी, असा भारी विचार आला होता. मॅडम, माही माय याच निंबाखाली... एवढं मनात जुळवलंही होतं. तोंड उघडलं, तं नगराळेबाबूनं माह्या तोंडावर हात ठेवला. हाताले शाईचा अन् कांद्याचा वास होता. मान हलवली. हे नाई. हे माह्यं हाय.

अन् ते उठले. मॅडमले नमस्कार केला, दाराबाहेर गेले. गजूभाऊ पडता पडता राह्यला. आम्ही मॅडमच्या खिडकीतून पाह्यलं. ते उन्हातून सरळ निंबाखाली गेले. तिथं एक म्हातारा कोलाम बसला होता, मान खाली, हातात सामानाची चुंगडी, लहानशी पोतडी. नगराळेबाबू त्याच्यापुढं थांबले, वाकले, त्याच्या नजरेत आपली नजर येईपर्यंत वाकले. मंग हात जोडले. मंग तळहात उघडून खिडकीकडं दाखवला, लग्नात पाव्हण्याले पंगतीकडं दाखवते तसा. म्हातारा गडबडून उभा झाला. नगराळेबाबूनं त्याची चुंगडी घेतली, अन् दोघं त्याच्याच चालीनं खिडकीपर्यंत आले. ते त्याले गजाशी उभं करून, वळसा घालून आत आले, अन् खुर्चीवर बसले. आता बोला, अशी मान केली.

आवाज नव्हता. पण ‘जी’ मले आयकू आला.

मॅडमनं पडदा सोडला. फाईल बंद केली. बराच वेळ पेन शोधला, जो त्याईच्या हातातच होता. मंग म्हणे, "पाडव्यानंतर पाहू."

सरकारी ‘पाहू’ची लोकं लय निंदा करते. मीही क्लासात करतो, मार्क भेटते त्याचे. पण या एका ‘पाहू’चा मी भक्त हाव. पाडवा गेला, अक्षय तृतीया गेली, मॅडमची बदली झाली, नवे साहेब आले, त्याईची बदली झाली. कोणीच पाह्यलं नाही. नगराळेबाबू रिटायर होईपर्यंत खिडकीवरच राह्यले. दरेकाले निंबाखालून स्वतः आणत. आवाज आलाच नाही, फक्त सुक्या पानाएवढी कुजबुज आली, कानाशी तोंड आणलं तं समजन एवढी. रांग जराशी हळू चालाची. कोणी तक्रार केली असंन, मले माहीत नाही.

गाईड मॅडमले मी सारं सांगतलं. त्या म्हणे, "ते दिवस गाळा. निरीक्षकच आवाज झाला, तर निरीक्षण कुणाचं?" बरोबर होतं, गाळले. प्रबंध पास झाला. नियमानं कोणाचं नाव लिहाचं नव्हतं, म्हणून त्यात ते ‘कर्मचारी क’ आहे. ज्या माणसानं उमरभर कोणालेच बिनानावाचं बोलावलं नाही, त्याले मी एका अक्षरात बसवलं. ते पान उघडलं का मले अजूनही हसू येते, अन् मंग येत नाही.

तं यंदाचा मार्च. निरोप समारंभ. शाल, नारळ, संविधानाच्या उद्देशिकेची फ्रेम, अन् माईक, जो दरेक वक्त्याले पह्यले शिटी माराचा. भाषणं झाले. साऱ्याईनं "त्यांचा आवाज" म्हणून गळा काढला. गजूभाऊ तं बोलतानी रडला, अन् मंग मलेच म्हणे, "आता माह्या रडन्याची नक्कल करशीन तं पाहाय." नगराळेबाबू मधात बसून, शाल मांडीवर घेऊन, ज्याचं भाषण चालू त्याच्याकडं मान लावून आयकून राह्यले होते. त्याईच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. बायकोसाठी ठेवली होती. ती आली होती, पण आत येऊन बसली नाही. "मले नाई जमत बाप्पा त्या खुर्चीत," म्हणून बाहेर निंबाखाली बसली, डब्याची पिशवी मांडीवर. इतक्या वर्षात मी तिले नगराळेबाबूची मंडळी म्हणूनच ओळखत होतो. ते तिले कसे हाक मारत? जसे आमच्याकडले सारेच मारते. "अवं, आयकलं का?"

ऊन उतरलं. लोकं पांगले, जेवणाच्या पत्रावळ्या गोळा झाल्या. नगराळेबाबू उठले अन् खिडकीशी गेले. आपल्या खुर्चीवर बसले, लोटा जागेवर ठेवला, खिडकीचं बंद केलेलं दार परत उघडलं. समोर अंगण, निंबाची पडलेली फुलं, अन् खाली एकटी ती, पाय लांब करून, चपला काढून ठेवलेल्या. ते पाहात राह्यले. मंग मागं हात करून माही बाही ओढली.

मी कान जवळ नेला.

"पिंपळदरी," कुजबुज आली. तिचं माहेर.

मी थांबलो. गावाच्या नंतर नाव लागते, त्याईनंच शिकवलं होतं. ते नाव यायला वेळ लागला. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. लग्न होऊन उमर झाली, अन् या माणसाच्या तोंडानं ते नाव आजपर्यंत घेतलं नव्हतं, एवढं मले त्या ओठावरून समजलं.

"शकुंतला."

मी कपाटाच्या दारामागं गेलो. जुन्या सवयीनं. घसा साफ केला. भेव वाटलं, इतक्या वर्षात आवाज मोडला असंन तं? मंग छातीतून सोडला, ‘जी’ न लांबवता.

"पिंपळदरीच्या शकुंतलाबाई, या जी!"

गाव आयकू आलं तशी तिची मान वर झाली. नाव येईपर्यंत चपला पायात होत्या. ती उभी होती, पिशवी खाली पडली होती, अन् ती खिडकीकडं अशी पाहून राह्यली होती जसं कोणी दूरच्या गावाहून आलेलं माणूस ओळखते. मंग पदर नीट केला. हळूहळू चालत आली, सारे येते तशीच. गजाले हात लावून उभी राह्यली.

"आली जी," ती म्हणे.

नगराळेबाबू समोर झुकले. त्याईचे ओठ हलले, तिच्याशी काहीतरी बोलले, बराच वेळ बोलले. या वेळी मी आवाज देल्ला नाही.